गया मनमिळाऊ नव्हती

सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून गॅसची टाकी बदलली. टाकी मी उचलली, बोलणी तिनं ऐकवली. मी रेग्युलेटर बसवला तर म्हणाली, "व्हा बाजूला. तुमच्यावर इस्वास ठिवून मरायचंय का?" मग वाटीत साबणाचा फेस केला, बोटानं नळीला सगळीकडं लावला आणि गुडघ्यावर बसून बुडबुडा येतोय का बघत राहिली. बुडबुडा आला नाही. तिला जरा वाईटच वाटलं असावं, कारण माझी चूक सापडली नाही.

नंतर चहा प्यालो. छातीत जळजळतंय म्हणाली, पित्त झालं असंल. मी ओवा दिला. ती आडवी झाली आणि मी नळाला पाणी आलं म्हणून हंडे भरायला गेलो. तिसरा हंडा घेऊन आत आलो तेव्हा गया हलत नव्हती. शेजारच्या पोरानं रिक्षातून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं हात धरला, सोडला आणि मान हलवली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण जो भेटतो तो एकच विचारतो, "काका, कुठल्या गाडीखाली?" तिचं काम बघितलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. गया गाडीखाली गेली नाही. कुठल्या गाडीची तेवढी टाप नव्हती.

दहाव्याच्या आत, ती ज्याच्याकडं झाडलोटीला होती त्या कंत्राटदारानं तिचा फ्लेक्स लावला. गेटपासवरचा फोटो मोठा केलेला, त्यात ती रागावलेली दिसते, आणि खाली कंत्राटदार स्वतः हात जोडून उभा, तिच्यापेक्षा दुप्पट आकाराचा. वर लिहिलं होतं, 'मनमिळाऊ, शांत व मितभाषी स्वभावाच्या गयाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. मनमिळाऊ! त्या माणसाला तिनं सगळ्या गेटासमोर 'जळू' म्हटलेलं मी ऐकलंय, आणि एकदा नाही. पण त्याहून हरामखोरी अशी, की फ्लेक्स बांधला कुठं? कंपनीच्या गेटाच्या कोपऱ्यावर, दोन खांबांच्या मध्ये, बरोबर तिथं, जिथं ट्रेलर आत वळतो आणि ड्रायव्हरला पलीकडून येणारी माणसं दिसायला पाहिजेत. मी म्हणालो, "काढा हा. आडोसा होतोय." तो म्हणाला, "काका, तुमच्याच बायकोचा मान केलाय." मी घरून विळी आणली आणि फ्लेक्स उभा कापला. म्हातारा दुःखानं फिरला, असं लोक म्हणाले. म्हणू देत. मी चौथी शिकलोय, लिहायची सवय नाही, पण ते 'मितभाषी' मला पचलं नाही. म्हणून ही वही घेतली.

आम्ही धाराशिवकडचे. कुरुळीत एक खोली भाड्यानं. खोलीपासून चालत पाच मिनिटांवर कंपनी, गाड्यांचे सुटे भाग करते. नाव लिहीत नाही, सगळ्या सारख्याच. मी त्या कंपनीच्या गेटावर वॉचमन, गया त्याच कंपनीत कंत्राटदाराकडून झाडलोटीला. आठ वर्षं.

आता रस्ता समजून घ्या, म्हणजे बाई समजेल. कंपनीसमोर मोठा रस्ता, मध्ये दुभाजक, त्याला गेटासमोर एक खिंडार. दोन्ही कडेला ट्रेलर उभे, कारण कंपनीला माल वेळेवर पाहिजे पण ट्रेलर उभा करायला आतली जागा द्यायची नाही. चालणाऱ्यासाठी फुटपाथ म्हणाल तर ट्रेलरखालची सावली. झाडलोटीच्या बाकी अकरा बाया आकुर्डी-चिखलीकडून कंत्राटदाराच्या टेम्पोनं यायच्या. टेम्पो त्यांना रस्त्याच्या पलीकडं उतरवायचा. अलीकडं आणायचं तर पुढं एक किलोमीटर जाऊन वळावं लागतं, डिझेल जळतं. बाया जळलेल्या चालतील.

आणि गया? तिची खोली अलीकडच्या बाजूला. तिला रस्ता ओलांडायची गरजच नव्हती. सरळ चालत येऊन आत जाऊ शकत होती. पण रोज सकाळी पावणेसातला ती लांब दांड्याचा खराटा घेऊन एकटी पलीकडं जायची आणि त्या अकरा जणींना घेऊन परत यायची.

ओलांडायची तिची एक रीत होती. एकीच्या पिशवीचा बंद दुसरीच्या हातात, दुसरीचा तिसरीच्या. "धरा," असं गया ओरडली की माळ तयार. मग ती खराटा आडवा धरून ट्रेलरपुढं उभी राहायची. जवळ नाही, चांगली लांब, जिथून ड्रायव्हरचं तोंड दिसतं तिथं. आणि ड्रायव्हरनं स्टेअरिंगवरचा हात उचलून पंजा दाखवल्याशिवाय एक बाई हलायची नाही. नुसता थांबलेला ट्रेलर तिला चालत नव्हता. "थांबलाय म्हंजी बघितलंय असं न्हाई," म्हणायची. "मोबाईल बघाया थांबला असंल."

ड्रायव्हर बहुतेक बाहेरचे. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा, तो मागं उतरून शिट्टी मारायचा. आता मालकांनी क्लीनर काढून टाकले, एकटा ड्रायव्हर दोन दिवस न झोपता येतो. त्यातला एखादा डोकं बाहेर काढून म्हणायचा, "अम्मा, हट जाओ ना, लेट हो रहा है."

"हात दिखा पहले."

"अरे अम्मा, दिख रही हो आप!"

"मेरेको नहीं दिखता तू. थोबाड भायेर काढ, हात दिखा."

दाखवायचा बिचारा. मग मागच्या बाया हसायच्या आणि गया त्यांच्यावर ओरडायची, की दात नंतर काढा, आधी पाय उचला. त्यांच्यात सगळ्यात लहान रूपाली, कानात वायर घालून यायची. गयानं एकदा रस्त्याच्या मधोमध तिच्या कानातली वायर उपटली आणि दुभाजकावर फेकली. "भरून दे माझी," रूपाली रडत म्हणाली. गया म्हणाली, "कान भरून देऊ का?" मनमिळाऊ म्हणे.

या सगळ्यात मी काय करत होतो? मी गेटाच्या आत उभा होतो. खोटं कशाला लिहू. सिक्युरिटी ऑफिसरनं आम्हा सगळ्या वॉचमनांकडून लिहून घेतलं होतं, की गेटाबाहेर जाऊन गाडी थांबवायची नाही, कुणाला हात दाखवायचा नाही. का? तर वॉचमननं हात दाखवला आणि काही झालं तर ते कंपनीवर येतं. वॉचमननं बघत उभं राहावं आणि काही झालं तर ते रस्त्यावर येतं. शिकलेली माणसं बसून हे ठरवतात. त्यांना त्यासाठी एसी लागतो. गेटाच्या रुळापर्यंत माझी हद्द. गया मला म्हणायची, "तुमी आपले आतून बघा. पोपट बी पिंजऱ्यातनं बघतो."

माझ्याकडं आणखी एक काम होतं, पाटी बदलायचं. गेटावर हिरवी पाटी आहे, 'अपघाताविना दिवस'. रोज सकाळी जुना आकडा काढून पुढचा लावायचा. एकदा पाठीमागं येणाऱ्या ट्रेलरनं एका हेल्परचा पाय चिरडला, गेटाच्या रुळापासून हातभर बाहेर. रक्त आत आलं होतं, मी स्वतः पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकडा बदलत होतो, नेहमीसारखा एकानं वाढवून. गया मागं येऊन उभी राहिली.

"शून्य लावा," म्हणाली.

"तो बाहेर पडला. हद्दीत धरत नाहीत."

"कोण धरत न्हाई?"

"ऑफिस."

ती पाटीकडं बघत म्हणाली, "धड आत आन पाय भायेर असता तर आर्धा दिस धरला असता का?" मी आकडा लावला. त्या दिवशी तिनं मला डबा दिला, पण त्यात चटणी नव्हती, नुसत्या भाकरी.

तिला भीती वाटायची नाही असं समजू नका. एकदाच वाटलेली मी बघितलीय. एक सरदारजी ड्रायव्हर, वयस्कर, तिच्याशी जरा बोलायचा. तिनं विचारलं, तुला तिथून काय दिसतं? तो म्हणाला, वर येऊन बघ. आणि ही बया लुगड्याचा कासोटा खोचून ट्रेलरच्या पायऱ्या चढून त्याच्या सीटवर जाऊन बसली! त्या अकरांतल्या कमलबाईला तिनं पुढं उभं राहायला सांगितलं. कमलबाई उंच, धिप्पाड, लांबून कुणालाही दिसणारी. गया वरून ओरडली, "कमळे, कुठं गेलीस? जा की म्होरं!"

"म्होरंच हाय मी!" कमलबाई खालून ओरडली. बंपरच्या पुढं हातभर अंतरावर उभी होती, आणि वर बसलेल्या गयाला तिचे केससुद्धा दिसत नव्हते. गयानं तिला मागं मागं सरायला लावलं. पाच पावलं गेल्यावर कमलबाईचं कपाळ दिसलं.

गया खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. इतकी वर्षं बाया बंपर चाटून जात होत्या. दिवसभर ती कुणावर ओरडली नाही, आणि त्यामुळं सगळ्या घाबरल्या. गुरुवारी सुट्टी असते, रस्ता रिकामा. त्या गुरुवारी ती पत्र्याच्या डब्यात चुना कालवून गेली आणि ट्रेलर जिथं थांबतात तिथून पावलं मोजून रस्त्यावर आडवा पांढरा पट्टा ओढला. "ह्याच्या अलीकडं आंधळं, पलीकडं डोळस," असं बायांना सांगितलं. पाऊस आला, पट्टा गेला. पुन्हा ओढला. चाकांनी पुसला, पुन्हा ओढला. चुना घरचा.

मग परदेशातले पाहुणे येणार म्हणून कंपनीला एकदम बुद्धी आली. गेटाशेजारी माणसांसाठी एक लहान दरवाजा आहे. तो चोरी होते म्हणून कायम कुलपात, सगळी माणसं ट्रेलरच्या गेटातून. गयानं त्यासाठी रूपालीकडून अर्ज लिहून घेतला होता, त्यावर 'विचाराधीन' असा शिक्का मिळाला होता. पाहुण्यांच्या दिवशी कुलूप निघालं. आत पिवळे पट्टे, कुंड्या, रस्त्यावरचे ट्रेलर पहाटेच दोन किलोमीटर लांब हाकललेले. गयाच्या चुन्याच्या पट्ट्यावर रातोरात पक्का पांढरा रंग मारला. बारा बायांना चमकणारी जाकिटं दिली आणि हसत चाला म्हणून सांगितलं.

एका गोऱ्या पाहुण्यानं रस्त्यावरच्या पट्ट्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. आमचे सेफ्टी साहेब छाती काढून इंग्रजीत बोलले. रूपालीला थोडं इंग्रजी कळतं. तिनं गयाला सांगितलं, "मावशी, साहेब म्हणतायत ही त्यांच्या टीमची कल्पना."

गयानं तिथंच चालत चालत थुंकून दिलं. मशेरीची पिचकारी, पिवळ्या पट्ट्यावर. गोरा दचकला. साहेबांनी हसून त्याला पुढं नेलं.

संध्याकाळी कुलूप परत लागलं, कुंड्या भाड्याच्या होत्या त्या गेल्या, जाकिटं मोजून परत घेतली. गयाला मात्र साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही रस्त्यावर उभ्या असता, तुमचं ठेवा." ती म्हणाली, "बारा द्या, न्हाईतर ठिवा." ठेवून घेतलं त्यांनी.

याच साहेबांनी सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना शपथ दिली. उन्हात उभं केलं, प्रत्येकाला एक गुलाब, आणि उजवा हात पुढं करून 'मी सुरक्षिततेचे नियम पाळीन' म्हणायचं. शेकडो हात पुढं. गयाचा हात खाली. साहेबांनी माईकवरून विचारलं, "मावशी, हात दुखतोय का?"

"न्हाई," गया म्हणाली. तिला माईक लागत नव्हता. "रोज सकाळी तुमची गाडी आमच्या अंगावरनं गेटात येती. काचा काळ्या. पाच वर्सांत तुमचा हात म्या बघितला न्हाई. आदी तुमी दावा, मग मी दाविते."

मागं कोणीतरी हसलं, आणि मग बरेच हसले. गुलाब हातात धरून हसत होते लोक. साहेबांनी शपथ अर्ध्यात उरकली. कंत्राटदारानं गयाला दोन दिवस घरी बसवलं. ती खोलीत बसून डाळ निवडत होती आणि मी डबा घेऊन निघालो तेव्हा म्हणाली, "पोरींकडं बघा."

बघितलं. पहिल्या दिवशी त्या कशाबशा आल्या. दुसऱ्या दिवशी बंद कुणी धरलेच नाहीत, गया नाही तर धरा म्हणणार कोण. चार पुढं पळाल्या, सहा मागं राहिल्या, आणि रूपाली मधोमध अडकली. एक ट्रेलर पाठीमागं यायला लागला. मी गेटाच्या रुळावर उभा. कमलबाईनं तिला दंडाला धरून ओढलं, पिशवी पडली, आणि ट्रेलरचं मागचं चाक डब्यावरून गेलं. स्टीलचा डबा कागदासारखा झाला. आत मेथीची भाजी होती.

घरी येऊन मी गयाला सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तुमी कुठं हुतात?"

"गेटावर."

"हां," म्हणाली आणि डाळ निवडत राहिली.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदार स्वतः खोलीवर बोलवायला आला. बायांनी पलीकडून हलायला नकार दिला होता. तासभर टेम्पोपाशी बसून राहिल्या, आत पाहुण्यांच्या बाथरूमला वास सुटला. गया त्याला म्हणाली, "ए जळू, टेम्पो अलीकडं लावशील का?" तो म्हणाला, बघू. ती खराटा घेऊन निघाली. त्या 'बघू'ला आता तीन वर्षं झाली.

चांगलं बोलायची तिला सवयच नव्हती. आठ वर्षांत त्या बायांपैकी एकीला तिनं शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला तर लग्नापासून नाही. देवाला हात जोडायची, पण तेही अशा चेहऱ्यानं, की बघते काय करतोस. ज्याच्याबद्दल तिच्या मनात तिरस्कार नव्हता असा माणूस शोधावा लागेल. फक्त पलीकडं कुणी उभं असलं की ती निघायची. हे दोन्ही एकाच बाईत होतं आणि मला त्याचा अर्थ लावता येत नाही. लावायचा पण नाही.

तर सोमवारी संध्याकाळी ती गेली. मुलगी बार्शीहून निघाली होती, सकाळी दहाच्या आत पोचणार नव्हती. तिच्यासाठी थांबायचं ठरलं. चाळीतल्या बाया गयाजवळ बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

सकाळी साडेसहा झाले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या अकरा जणींना कुणी कळवलेलं नव्हतं. नंबर सगळे गयाच्या फोनात, आणि फोनाला तिनं बोटानं नक्षी काढायचं कुलूप घातलेलं, ती नक्षी मला ठाऊक नाही. टेम्पो आकुर्डीहून निघाला असणार. त्या उतरतील, पिशव्यांचे बंद धरून उभ्या राहतील आणि गया येत नाही म्हणून वाट बघतील. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग सातचा भोंगा होईल आणि कुणीतरी एक पळेल.

मी उठलो. शेजारची म्हणाली, "भाऊ, सुतकात कुठं चाललात? मयत घरात हाय." मी म्हणालो, "ती कुठं जात नाही. मी येतो."

अंगात कालचाच सदरा. चपला घालायच्या राहिल्या ते रस्त्यावर खडे टोचले तेव्हा कळलं. गेटावर सिक्युरिटी ऑफिसर उभा होता, त्याला वाटलं ड्युटीवर आलो. मी त्याच्यासमोरून गेलो आणि रस्त्यात उतरलो.

"ओ बाबा! कुठं चाललाय? लिहून दिलंय तुम्ही!"

दुभाजकापर्यंत गेलो. पलीकडं त्या उभ्या होत्या, माळ धरून. मी ओलांडून त्यांच्यापाशी गेलो. सगळ्यांची नजर माझ्या मागं, ती येतेय का बघत.

"काका, मावशी?" रूपालीनं विचारलं.

"चला आधी."

एक ट्रेलर येत होता. मी पुढं गेलो. किती लांब उभं राहायचं ते मला ठाऊक नव्हतं, रोज आतून बघितलेलं, बाहेरून नाही. काचेवर ऊन होतं, तोंड दिसेना. दोन पावलं मागं आलो, मग आणखी एक. मग दिसलं. तरणा पोरगा होता, हॉर्न वाजवत होता. मी दोन्ही हात वर केले. तो थांबला आणि हॉर्न वाजवतच राहिला. मी हललो नाही. शेवटी त्यानं हॉर्न सोडला आणि पंजा दाखवला.

"चला," मी म्हणालो.

बाया निघाल्या. कमलबाई पुढं. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्या पायांकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं, आणि ती थांबायला लागली.

"काका, काय झालंय?"

"चालत राहा."

"मावशीला बरं नाही का?" मागून रूपाली. "काका, सांगा ना. घरी आहे का ती?"

"पुढं बघ. बंद सोडू नको."

दुभाजकाच्या खिंडारात पुन्हा थांबलो, अलीकडच्या बाजूनं येणारा टँकर थांबवला, त्याचा हात बघितला. ऑफिसर गेटातून ओरडतच होता. रस्त्यात सांगितलं असतं तर त्या रस्त्यातच बसल्या असत्या. एकेक करून रुळाच्या आत सोडल्या. शेवटी टोकाला रूपाली होती. तिचे दोन्ही पाय आत आलेले बघितले, आणि मग सांगितलं.